खासगी विद्यापीठात शिकायला येताय? बुकिंगच्या फोनपासून नो-ड्यूजपर्यंत

सीईटीचे पर्सेंटाइल जाहीर झाले की अनोळखी नंबरांवरून फोन सुरू होतात. "सर, कॉम्प्युटरच्या शेवटच्या काही जागा राहिल्यात. आज बुकिंग अमाउंट भरलीत तर स्कॉलरशिप लॉक करून देते." बोलणारी ताई गोड बोलते, तुमचं नाव घेऊन बोलते, बाबांनाही नमस्कार सांगते. ती नोकरी करतेय आणि तिला महिन्याचं टार्गेट आहे. तिच्याशी नीट बोला, पण फोनवर होकार देऊ नका. जूनमधली ती "शेवटची जागा" ऑगस्टमध्येही बऱ्याचदा रिकामीच असते.

मी मूळचा बार्शीचा, पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इथलं बरंचसं थोड्याफार फरकाने इतर ठिकाणीही लागू पडेल. दिवाळीत गावी गेलो की कुणाचे तरी आई-बाबा विचारतातच, "कसं आहे रे तिथे? पैसे वसूल होतात का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: मागणाऱ्याला बरंच मिळतं, गप्प बसणाऱ्याला फक्त पदवी मिळते. आणि मागायचं ते लेखी. आता क्रमाने सांगतो.

पायरी पहिली: पदवी नक्की कोण देणार?

"खासगी विद्यापीठ" म्हणताना लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतात.

एक, खासगी संस्थेचं कॉलेज, पण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ किंवा शिवाजी विद्यापीठ अशा सरकारी विद्यापीठाशी संलग्न. इथे पदवी सरकारी विद्यापीठाची, प्रवेश मुख्यतः सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंडमधून आणि फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली. दोन, अभिमत विद्यापीठ. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम ३ खाली केंद्र सरकार हा दर्जा देतं. सिंबायोसिस आणि भारती विद्यापीठ ही पुण्यातली नावं सगळ्यांना माहीत असतात. तीन, राज्य खासगी विद्यापीठ. प्रत्येकासाठी विधिमंडळाने कायदा केलेला असतो. महाराष्ट्रात हा प्रकार तसा अलीकडचा: अमिटी मुंबईचा कायदा २०१४ चा, एमआयटी वर्ल्ड पीसचा २०१७ चा. सरकारी कागदावर यांना "स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ" म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात अभ्यासक्रम, पेपर, तपासणी, निकाल, पदवी सगळं त्यांचंच. प्रवेशही बहुतेक वेळा कॅपच्या बाहेर, स्वतःच्या परीक्षेवर किंवा जेईई-सीईटीच्या गुणांवर.

नावावर जाऊ नका. डी. वाय. पाटील हे एकच नाव घ्या. पिंपरीत अभिमत विद्यापीठ आहे, चऱ्होलीच्या बाजूला अजिंक्य डी. वाय. पाटील हे राज्य खासगी विद्यापीठ आहे, आकुर्डीत डी. वाय. पाटील इंटरनॅशनल हे आणखी एक, आणि तिथेच पुणे विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी कॉलेजही आहे. गावाकडून येणाऱ्या माणसाला हे सगळं "डी. वाय." असतं. फी, प्रवेशाची पद्धत आणि पदवीवरचं नाव मात्र चारही ठिकाणी वेगळं.

हा फरक खिशाला कुठे लागतो ते बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली. पण त्याच निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली होती. कॅपमधून संलग्न कॉलेजात जाणाऱ्या मुलीची फी माफ, आणि शेजारच्या फाटकातून आत जाणारीला पूर्ण भरायची. शिष्यवृत्तीचे नियम बदलत असतात, म्हणून फोनवरच्या काउन्सेलरच्या "होऊन जाईल सर" वर विसंबू नका. महाडीबीटीच्या (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या) संकेतस्थळावर त्या वर्षी तुमची योजना, तुमचं विद्यापीठ आणि तुमचा अभ्यासक्रम तिन्ही एकत्र दिसतात का, ते स्वतः उघडून बघा.

मान्यता तपासणं दहा मिनिटांचं काम आहे. यूजीसीच्या संकेतस्थळावर राज्य खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या याद्या आहेत, बोगस विद्यापीठांचीही आहे. कायद्याला जाणार असाल तर बार कौन्सिलची मान्यता बघा, फार्मसीला फार्मसी कौन्सिलची, आर्किटेक्चरला काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची. एमपीएससीला ही पदवी चालते का, असं माझ्या मावशीसकट सगळे विचारतात. कायद्याने स्थापन झालेल्या, यूजीसीच्या यादीतल्या विद्यापीठाची पदवी चालते.

पायरी दुसरी: हिशेब चार वर्षांचा मांडा

माहितीपत्रकात पहिल्या वर्षाची शिक्षण फी ठळक असते. बाकीचं बारीक अक्षरात किंवा दुसऱ्या पानावर. पुण्याच्या आसपास बी.टेक.ला वर्षाला साधारण दोन-अडीच लाखांपासून चार लाखांच्या पुढेपर्यंत फी दिसते. उदाहरणादाखल सव्वातीन लाख धरू. दरवर्षी ५ टक्के वाढ असेल तर चार वर्षांचे १३ नाही, १४ लाख होतात. होस्टेल आणि मेस मिळून वर्षाला १ लाख ६० हजार धरले तर आणखी ६ लाख ४० हजार. झाले २० लाख ४० हजार. लॅपटॉप, गावी जाणं-येणं, मोबाइल, आजारपण, वाढदिवसाच्या पार्ट्या धरा. २२ लाखांच्या खाली हे प्रकरण जात नाही.

म्हणून फीच्या तक्त्यावर बोट ठेवून ओळीओळीने विचारा. शिक्षण फी, विकास निधी, परीक्षा शुल्क, ईआरपी (हजेरी-गुण दाखवणारी ऑनलाइन प्रणाली) किंवा "डिजिटल" शुल्क, विमा, ब्लेझर आणि गणवेश, अनामत रक्कम, पदवीदान शुल्क. यातलं एकदाच भरायचं कुठलं, दरवर्षीचं कुठलं, परत मिळणारं कुठलं? वाढ किती टक्क्यांनी होणार आणि ती कशात लिहिली आहे? "मेरिट स्कॉलरशिप" पहिल्याच वर्षापुरती आहे की चारही वर्षं? चारही वर्षं असेल तर अट काय? ८ किंवा ८.५ सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणीगुण) टिकवण्याची अट असते आणि पहिल्याच सेमिस्टरला वर्गातल्या बऱ्याच जणांची स्कॉलरशिप गळते. ही अट प्रवेशाच्या पत्रावर छापून घ्या.

कर्जाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घरोघरी इथेच गडबड होते. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, त्यापुढे बँक तारण मागते. आणि आपल्याकडे बाबा म्हणतात, "शेत ठेवू की." शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत. घर, बिगरशेती प्लॉट, मुदतठेव चालते. हे जुलैमध्ये कळलं तर पळापळ होते, एप्रिलमध्येच बँकेत जाऊन या. पीएम-विद्यालक्ष्मी योजना २०२४ मध्ये आली, पण ती ठरावीक यादीतल्या संस्थांसाठीच आहे. तुमचं विद्यापीठ त्यात आहे का ते बघा.

आता आकडा. १५ लाखांचं कर्ज, चार वर्षांत समान हप्त्यांत उचललेलं, व्याज १० टक्के. शिक्षण संपून वर्षभराने हप्ते सुरू होईपर्यंत नुसतं सरळ व्याजच सव्वापाच लाखांच्या घरात जातं. सव्वावीस लाखांवर दहा वर्षांचा हप्ता बसतो महिन्याला साधारण २६-२७ हजार. साडेतीन-चार लाखांच्या पॅकेजवर लागलेल्या मुलाच्या हातात महिन्याला २५ ते ३० हजार पडतात. हे दोन आकडे कागदावर शेजारी-शेजारी लिहा आणि तो कागद घरातल्या सगळ्यांना दाखवा. शिकत असतानाच व्याज भरत राहिलं तर काही बँका एक टक्का सवलत देतात, जमत असेल तर तेवढं तरी करा. हप्त्यातल्या व्याजावर प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत वजावट मिळते, तीही आठ वर्षं.

पायरी तिसरी: कॅम्पस बघायला जा, पण ओपन डेला नको

ओपन डेला फुगे असतात, सिनियर मुलं टी-शर्ट घालून हसत उभी असतात (तासाला प्रमाणपत्र किंवा हजेरी मिळते म्हणून, मीही उभा राहिलोय) आणि तुम्हाला सेंट्रल लायब्ररी, ऑडिटोरियम, जिम एवढंच फिरवतात. त्यापेक्षा एखाद्या मंगळवारी-बुधवारी दुपारी जा. फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घ्या. तिथे तिसऱ्या वर्षाची मुलं भेटतात. त्यांना "कॉलेज कसं आहे" विचारू नका, "मस्त आहे" एवढंच उत्तर येईल. विचारा: मागच्या सेमिस्टरला किती विषयांचे शिक्षक मध्येच बदलले? लॅब पाचनंतर उघडी असते का? तुमच्या ब्रँचच्या सिनियरपैकी आत्ता घरी कोण बसलंय? शेवटच्या प्रश्नावर ती एकमेकांकडे बघतात आणि मग खरं बोलतात.

प्लेसमेंटच्या फलकावर एकच मुलगा असतो, ४० की ५० लाखांचा. तो खरा असतो. पण तुम्हाला मधल्या मुलाचं बघायचंय. त्यासाठी एक सोपी जागा आहे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. विद्यापीठाचं नाव, "एनआयआरएफ डेटा" आणि वर्ष एवढं टाकून शोधा, पीडीएफ सापडते. त्यात प्रवेश किती झाले, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरीला किती लागले, पुढे शिकायला किती गेले आणि मीडियन पगार किती, हे तक्त्यात असतं. मीडियन म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मध्यावरच्या मुलाचा पगार. फलकावरचा आकडा आणि या तक्त्यातला आकडा ताडून बघा. तक्ता सगळ्या ब्रँचचा एकत्र असतो, त्यामुळे सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी आपल्या विभागाचे आकडे वेगळे मागावेत. नॅक या मूल्यांकन संस्थेचा दर्जा बघाच, पण तो कोणत्या वर्षी मिळाला आणि किती वर्षांसाठी, हेही बघा.

पायरी चौथी: पैसे भरताना आणि परत मागताना

खासगी विद्यापीठं एप्रिल-मेपासून पैसे भरून घेतात, कॅपचे राउंड पुढे पावसाळाभर चालतात. म्हणजे हातात एक जागा ठेवून दुसरीची वाट बघायची वेळ बहुतेकांवर येते. त्यात गैर काही नाही. परतावा कसा मिळतो, एवढं ठाऊक हवं.

यूजीसीने ऑक्टोबर २०१८ मध्ये परताव्याचे टप्पे ठरवून दिलेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी रद्द केलं तर पूर्ण परतावा (प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ५,००० रुपये, कापून), त्यानंतर त्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, ३० दिवसांत ५०, त्यापुढे काही नाही. शिवाय गेली काही वर्षं प्रवेश लांबत असल्यामुळे यूजीसी वेगळं परिपत्रक काढते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची, असं होतं. तुमच्या वर्षाचं परिपत्रक शोधून फोनमध्ये ठेवा. काउंटरवर "आमच्या पॉलिसीत बसत नाही" असं ऐकू आलं की शांतपणे तेच उघडून दाखवा. रद्द करण्याचा अर्ज ईमेलने करा, तारखेचा पुरावा आपोआप राहतो. होस्टेलच्या पैशांचं काय, हे आधीच वेगळं विचारून घ्या. "ते वेगळ्या खात्यात जातं" म्हणून तिथेच अडवणूक होते.

मूळ कागदपत्रं फक्त पडताळणीपुरती दाखवायची. ती अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे. तरी कुणी ठेवून घेतलीच तर पोच घ्या, त्यात प्रत्येक कागदाचं नाव लिहून. दाखला, बारावीच्या बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र, अधिवास, लागू असेल तर जातपडताळणी आणि नॉन-क्रीमीलेयर, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, रॅगिंगविरोधी हमीपत्र (तुमचं आणि पालकांचंही). सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि पैसे विद्यापीठाच्या खात्यातच, पावती घेऊन. कुणा "सरांच्या" यूपीआयवर एक रुपयासुद्धा नाही.

पायरी पाचवी: राहायचं कुठे

पहिलं वर्ष होस्टेलला काढा. महाग असतं, मेसची पनीरची भाजी सोमवारी लाल आणि गुरुवारी हिरवी दिसते पण चव तीच लागते, रात्री दहाला फाटक बंद. तरीही पहिल्या वर्षाचे मित्र, नोट्स आणि सिनियर तिथेच मिळतात. दुसऱ्या वर्षी तिघं-चौघं मिळून फ्लॅट घ्या किंवा कॉट बेसिसवर बघा. पुण्यात कॉट साधारण पाच-सहा हजारांपासून पुढे मिळते, भाग आणि सोयी बघून. भाडेकरार अकरा महिन्यांचा, लेखी आणि नोंदणी केलेला. घरमालक "कशाला खर्च, आपण विश्वासावर चालू" म्हणाला की डिपॉझिट परत मिळण्याची आशा निम्मी धरा. आत जाताना भिंती, नळ, गिझर सगळ्याचा व्हिडिओ काढा. डबा लावण्याआधी चार दिवस सुटा मागवून बघा.

कॅम्पस गावाबाहेर असेल तर प्रवासाचा वेळ धरा. नकाशावर १४ किलोमीटर दिसतात, संध्याकाळी सातला त्याचा सव्वा तास होतो. पीएमपीचा विद्यार्थी पास काढा. पुणे मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे. पुस्तकं नवी घेऊ नका, अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात आणि सेमिस्टर संपल्यावर तिथेच विकताही येतात.

पायरी सहावी: पहिलं सेमिस्टर

कार घेऊन येणारी मुलं असतात, आयफोनवाली असतात, शनिवारी कोरेगाव पार्कला जाणारी असतात. आणि त्यांच्याच बाकावर बसलेला, बापाने सोनं गहाण ठेवून पाठवलेला मुलगाही असतो. कोणी कोणाला ते सांगत नाही. ग्रुपबरोबर बाहेर जाण्याचं बजेट महिन्याच्या एक तारखेला ठरवा आणि ते संपलं की सरळ "नाही जमणार" म्हणा. दोन आठवड्यांत लोकांना सवय होते. खरे मित्र चहाच्या टपरीवरही भेटतातच.

भाषेचं एक गमतीशीर आहे. पुण्यात येऊन आम्ही मराठी मुलं आपसात हिंदी बोलायला लागतो, कारण प्रत्येक टोळक्यात एक पाटण्याचा आणि एक इंदूरचा असतोच. वर्गात इंग्रजी. मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना पहिले दोन महिने जड जातात. अभ्यास कळतो, तोंड उघडत नाही. उपाय साधा आहे: प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत विचारले जाणारे नेहमीचे प्रश्न सिनियरकडून घ्या आणि रूममध्ये मोठ्याने उत्तरं द्या. चुकीच्या इंग्रजीत बरोबर उत्तर दिलं तर गुण मिळतात. अस्खलित इंग्रजीत चुकीचं उत्तर देणारे आमच्याकडे भरपूर आहेत, त्यांना विचारा.

हजेरीला हलकं घेऊ नका. अट बहुधा ७५ टक्क्यांची, प्रत्येक विषयात वेगवेगळी. ४० तासांच्या विषयात १० तास चुकवता येतात. गौरी-गणपतीला गावी, दिवाळीला दोन दिवस आधी, एखादं लग्न आणि एक व्हायरल ताप, संपले दहा. आमच्या ईआरपीवर ७५ च्या खालचा आकडा लाल दिसतो आणि तो वर ओढला जात नाही. ७४.३६ म्हणजे ७४.३६. मग विभागाबाहेर अर्ज घेऊन उभी असलेली रांग. काही शिक्षक हजेरी तासाच्या शेवटी घेतात, काही दुसऱ्या दिवशी टाकतात आणि विसरतात. त्यामुळे दर शुक्रवारी ईआरपी बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी शिक्षकांना मेल करा, कारण महिन्याभराने त्यांच्याही हातात काही राहत नाही. फेस्ट किंवा स्पर्धेसाठी सूट हवी असेल तर परवानगीचा कागद कार्यक्रमाच्या आधी सही करून घ्या, नंतर कोणी ओळखत नाही.

रॅगिंग उघडपणे कमी झालंय, पण "इंट्रो"च्या नावाखाली होस्टेलच्या मागच्या विंगमध्ये अजून चालतं. १८००-१८०-५५२२ हा चोवीस तासांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फोनमध्ये ठेवा, दाराला चिकटवण्यापेक्षा ते बरं.

पायरी सातवी: शिक्षक, लॅब, लायब्ररी

इथेच पैसे वसूल होतात किंवा बुडतात. शिक्षक तीन तऱ्हेचे भेटतील. नुकतंच एम.टेक. झालेले, स्वतःच पीएचडीच्या मागे धावणारे आणि सेमिस्टरच्या मध्यात दुसरीकडे जाणारे. सरकारी कॉलेजातून निवृत्त होऊन आलेले, ज्यांच्या फळ्यावरच्या अक्षरासाठीसुद्धा तासाला बसावं. आणि कंपनीतून शनिवारी येणारे, जे पुस्तकातलं कमी आणि कामातलं जास्त सांगतात. प्रत्येक विभागात दोन-तीन जण असे असतात की त्यांच्या केबिनबाहेर मुलं थांबलेली दिसतात. ते कोण, हे पहिल्या महिन्यात शोधा आणि त्यांच्याकडे प्रोजेक्ट मागा, दुसऱ्या वर्षापासूनच.

उपकरणं चांगली असतात, कधीकधी सरकारी कॉलेजपेक्षा नवी. पण किल्ली लॅब असिस्टंट दादांकडे असते आणि त्यांची पाचची बस असते. तोंडी विनंतीवर काही होत नाही. विभागप्रमुखांच्या नावे अर्ज, मार्गदर्शक शिक्षकांची सही, कामाच्या तारखा, आणि जबाबदारी घेणाऱ्या मुलाचं नाव. एवढं नेलं की आम्हाला लॅब रात्री आठपर्यंत मिळायला लागली. थ्रीडी प्रिंटर तर वर्षभर कापडाखाली होता, कारण कोणी मागितलाच नव्हता.

लायब्ररीत ई-जर्नलचं लॉगिन मागा, घरून वापरता येतं. शिकवणं फारच सुमार असेल त्या विषयाला स्वयं किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा कोर्स घ्या. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयंवरून करू देता येतात, पण तुमचं विद्यापीठ कोणते कोर्स धरतं ते नोंदणीच्या आधी परीक्षा विभागाला विचारा.

पायरी आठवी: परीक्षा

पेपर इथलेच शिक्षक काढतात, तपासतातही तेच. त्यामुळे पुणे विद्यापीठापेक्षा पास होणं सोपं, आणि म्हणून नुसत्या सीजीपीएला बाहेर किंमत कमी. अंतर्गत गुणांचा वाटा मोठा असतो, ते सेमिस्टरभर थोडेथोडे गोळा होतात. एक असाइनमेंट राहिली तर शेवटी भरून निघत नाही. सापेक्ष श्रेणी आहे का ते विचारा. असेल तर तुमची ग्रेड वर्गाच्या सरासरीवर ठरते, ६० गुणांना एका वर्षी बी आणि पुढच्या वर्षी सी मिळू शकतो. विषय राहिला तर फेरपरीक्षेचं शुल्क विषयामागे वेगळं आणि चांगलंच टोचणारं. सीजीपीएची टक्केवारी कशी काढायची, याचं पत्र विद्यापीठाच्या शिक्क्यासह घेऊन ठेवा. कंपन्या आणि परदेशातली विद्यापीठं ते मागतात.

पायरी नववी: प्लेसमेंट

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी टीपीओ (प्लेसमेंटचं काम बघणारा) विभाग जागा होतो. मोठ्या आयटी सेवा कंपन्या दहावी, बारावी आणि पदवीत ६० टक्के आणि चालू केटी (नापास राहिलेला विषय) नसणं अशी चाळणी लावतात. त्यात अडकणार असाल तर तुमची वाट इंटर्नशिपची, आणि ती दुसऱ्या वर्षापासून स्वतः शोधायची. "एक विद्यार्थी, एक नोकरी" हा नियम बहुतेक ठिकाणी असतो: साडेतीन लाखांची ऑफर आधी आली आणि घेतली की पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत. कितीपट जास्त पगार असेल तर सूट मिळते, ते आधीच वाचा. "ट्रेनिंग"चे वेगळे पैसे मागितले तर ते सक्तीचे आहेत का, हे लेखी विचारा. गंमत म्हणजे लेखी विचारलं की ऐच्छिक होतात. नोकरी देण्यासाठी डिपॉझिट मागणाऱ्या कंपनीकडे कॅम्पसमध्ये आली असली तरी जाऊ नका.

तक्रार करायची वेळ आली तर

आधी मेंटॉर, मग विभागप्रमुख, मग डीन. प्रत्येक टप्प्यावर मेल. ग्रुपवर शिव्या घालून काही होत नाही, उलट स्क्रीनशॉट वर पोचतात. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर लोकपालाकडे अपील करता येतं. त्यांचं नाव आणि ईमेल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असायला हवं. याशिवाय यूजीसीचं ई-समाधान पोर्टल आहे. पाच जणांनी मिळून, तारखा आणि जोडपत्रांसह केलेली तक्रार लवकर हलते. आमच्या होस्टेलचं पाणी तशाच एका मेलने सुरू झालं, तोपर्यंत तोंडी सांगणाऱ्यांना वॉर्डन काका "टँकर येतोय" म्हणत होते.

निघताना

शेवटच्या सेमिस्टरला नो-ड्यूजचा (काही देणं बाकी नसल्याचा) कागद हातात घेऊन लायब्ररी, लॅब, होस्टेल, खेळ, अकाउंट्स अशी फेरी असते. सह्या गोळा करायला तीन-चार दिवस धरा, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी जेवायला गेलेलं असतं. ट्रान्स्क्रिप्टच्या तीन-चार प्रती आत्ताच काढा, नोकरी लागल्यावर सुट्टी काढून यावं लागतं. एबीसी (अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट चढलेत का ते डिजिलॉकरमध्ये बघा. अनामत रकमेच्या परताव्याचा अर्ज नो-ड्यूजच्या दिवशीच द्या, मूळ पावतीची झेरॉक्स जोडून आणि पोच घेऊन. ते पैसे यायला महिने जातात. इथे आल्यावर उघडलेलं विद्यार्थी बँक खातं ते जमा होईपर्यंत बंद करू नका.